डाव्या भिंतीपासून नऊ

…पुन्हा तिकडेच. अंगठ्याएवढा राखाडी खटका, वर दोन कान, कानांच्या मधे खाच. बाबांनी तो चहाच्या कपाशेजारी त्याच्या अरुंद पाठीवर उभा केला, बोट काढून घेतलं, आणि तो क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबून उजव्या अंगावर आडवा झाला. टक्. एवढाच आवाज, पण ओट्यापाशी चहा गाळत असलेल्या तिच्या हातून दोन थेंब ओट्यावर सांडले, आणि ते पुसायचं सोडून ती त्या थेंबांकडेच बघत राहिली, कारण वळून टेबलाकडे बघायची तिची तयारी नव्हती.

"तीनदा ठेवला," बाबा म्हणाले, "तीनदा उजवीकडेच."

"टेबल वाकडं असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून फिरवून ठेवला, तर डावीकडे पडला. म्हणजे टेबल सरळ आहे. हाच एका अंगाला जड आहे." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. बारीक काही बघायचं असलं की ते चष्मा बाजूला करतात, डोळ्यांच्या डॉक्टरवर त्यांचा पहिल्यापासून विश्वास नाही. मग खटका थेट नाकाजवळ नेला. "अगं, याचा एक कान जाड आहे."

"असू दे हो बाबा, नमुना आहे तो."

नमुना आहे तो… हे म्हणतानाच तिला कळलं की आपण सकाळी सकाळी, तोंडात चहाचा घोटही गेलेला नसताना, खोटं बोललो. नमुना होता हे खरं, पण ज्या फाइलमधून ऑफिसच्या थ्रीडी प्रिंटरने तो काढला तीच फाइल काल संध्याकाळी पाच वाजता साचे करणाऱ्या मास्तरांकडे गेली होती, आणि आज सकाळी तिच्याबरहुकूम पोलादाचा ठोकळा कापायला घेणार होते. सहा वाजता प्रिंटर थांबला तेव्हा तिने हा खटका कोमट असतानाच उचलला आणि पर्समध्ये टाकला. बघितला नाही. बघायचं काय त्यात? अचूकबाईंनी काढलेला.

ऑफिसात तिला अचूकबाई म्हणतात. तोंडावरही म्हणतात. सहा वर्षांत तिने कधी 'नका म्हणू' असं म्हटलेलं नाही.

बाबा तोवर उठून आपल्या खणातून मोजपट्टी घेऊन आले होते. स्टीलची, सरकत्या जबड्याची, तिच्यावरचे आकडे अर्धे झिजलेले. एकतीस वर्षं नकाशे काढले त्यांनी, ड्रॉइंगच्या फळ्यावर, उभं राहून, आणि निवृत्त होताना ऑफिसने दिलेलं घड्याळ कुणाला तरी देऊन टाकलं पण ही पट्टी ठेवली. एक कान जबड्यात धरला. "नऊ." दुसरा धरला. "दहा." मग तिच्याकडे बघून, अगदी साधेपणाने, "दहा कशाला?"

"डिझाइनच तसं आहे."

"असेल," बाबा म्हणाले. "आता नवीन पद्धती आहेत." आणि त्यांनी खटका टेबलावर आडवाच ठेवला, उभा करायचा प्रयत्न न करता, आणि चहा प्यायला लागले. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. हा माणूस वर्तमानपत्रातल्या हवामानाच्या अंदाजाशीसुद्धा वाद घालतो.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, आणि जागा मिळाल्याचा आनंद काही झाला नाही, कारण उभं राहून धक्के खाताना विचार करता येत नाही आणि बसलं की करावाच लागतो. नऊ आणि दहा. मधली खाच सहाची. नऊ, सहा, दहा — पंचवीस. परवापर्यंत नऊ, सहा, नऊ होतं — चोवीस. काल दुपारी साहेब म्हणाले होते की खटका जरा रुंद करा, लोकांचे अंगठे मोठे असतात, दवाखान्यातल्या पलंगाचा कठडा खाली घ्यायचा म्हणजे माणूस घाईत असतो, बोट बरोबर पडायला हवं. तिने एक आकडा बदलला. चोवीसचे पंचवीस. खटका पडद्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिलिमीटर फुगला, सगळ्या रेघा काळ्याच्या काळ्या राहिल्या, आणि तिने फाइल पाठवून दिली.

काळ्या राहिल्या… इथेच तर मी फसले.

संगणकात वस्तू काढायला बसलं की पडद्यावर आधी काहीच नसतं. तीन पातळ चौकोन तेवढे असतात, एकमेकांतून आरपार गेलेले: समोरचं प्लेन, वरचं प्लेन, उजवं प्लेन, आणि तिन्ही जिथे भेटतात तो एक बिंदू. त्यांना जाडी नाही, वजन नाही, साच्यात ती कधी उतरत नाहीत, गिऱ्हाइकाला त्यांचा पत्ताही नसतो. नुसती असतात. वस्तू रुंद होवो, अरुंद होवो, ती जागची हलत नाहीत. म्हणून काढलेलं प्रत्येक स्केच त्यांच्याशी बांधायचं, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. न बांधलेली रेघ निळी दिसते आणि माउसने ओढली तर खुशाल सरकते, पक्की बांधली की काळी होते. निळं दिसलं की थांबायचं, काळं दिसलं की पुढे जायचं. पण काळी रेघ एवढंच सांगते की मी बांधलेली आहे. कशाला बांधलेली आहे ते ती आपण होऊन सांगत नाही, ते तिला विचारावं लागतं, आणि अचूकबाई आताशा कुठल्याच रेघेला काही विचारत नव्हत्या.

उजवं प्लेन, नाव उजवं, पण ते जातं खटक्याच्या बरोबर मधून. खाच त्या प्लेनशी बांधायला हवी होती, दोन्हीकडे सारखी. तिने काय केलं होतं ते बस सिग्नलला थांबली तेव्हा तिला स्वच्छ दिसलं, जणू हात अजून माउसवरच होता — खटक्याची डावी भिंत जवळ होती, हाताशी होती, तिच्यावर एक क्लिक, खाचेच्या कडेवर एक क्लिक, आणि आकडा लिहिला, नऊ. रेघ काळी झाली. खाच मधोमध बसली. मधोमध बसली ती योगायोगाने, चोवीसला तेवढी. मधल्या प्लेनचं आणि तिचं काही नातंच नव्हतं. भिंत काल अर्धा मिलिमीटर सरकली, तर ही तिच्यामागोमाग गेली. संगणकाने सांगितलं तेवढंच केलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तो बिचारा आज्ञाधारक असतो.

आणि खाचेतून स्टीलची जीभ जाते, कठडा अडवून धरणारी पट्टी. ती मधूनच जाणार, तिला कुणी सांगायला गेलेलं नाही की खाच सरकली आहे. एका कानाला घासणार. घासून घासून एक दिवस अडकणार, आणि पलंगावर कुणी म्हातारं माणूस असेल, त्याला पाय खाली सोडायचे असतील, आणि कठडा खाली येणार नाही… किंवा वर राहणार नाही, ते त्याहून वाईट.

ठोकळा आत्ता मशीनवर चढला असेल का? पर्समध्ये फोन होता. बसमध्ये बोलता येत नाही, गोंगाट असतो. (गोंगाट नव्हता. समोरच्या बाकावरची बाई जांभई देत होती ती ऐकू येत होती.) आणि फोन कशाला, ऑफिसात पोचल्यावर दोन ओळी लिहून टाकू: 'खटक्यात किरकोळ सुधारणा केली आहे, कृपया सोबतची नवी फाइल वापरावी.' सुधारणा. काय गुणी शब्द आहे. कुणाला शंका येत नाही, कुणी विचारत नाही की आधी काय बिघडलं होतं. मास्तर नवी फाइल घेतील, जुनी टाकून देतील, आणि ठोकळा कापला गेला असेल तर… तर मग सुधारणा जरा उशिरा सुचली, एवढंच. दोन ओळींचं ते पत्र तिच्या डोक्यात इतकं आयतं तयार होतं, शब्द इतके जागच्या जागी होते, की तिलाच संशय आला. असं आयतं सुचतं ते पूर्वी कधीतरी लिहिलेलं असतं.

लिहिलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी. 'झाकणात किरकोळ सुधारणा.'

नको. आत्ता नको ते.

ऑफिसच्या जिन्यात नेहमीप्रमाणे तिसऱ्या पायरीवरचा दिवा लुकलुकत होता. पावणेनऊ. आत फक्त 'दोनदा' आलेले होते. तेही नावाने ओळखले जात नाहीत. तिच्या समोरच्या टेबलावर बसतात, पन्नाशीचे, कोपरावर स्वेटर विरलेला, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा तपासतात. फाइल पाठवण्याआधी दोनदा उघडून बघतात, खिडकी लावली की दोनदा ओढून बघतात, डब्याचं झाकण लावल्यावर डबा दोनदा तिरका करून बघतात, म्हणून दोनदा. हे ते जन्मापासून करत नव्हते. सहा वर्षांपूर्वीपर्यंत ते ऑफिसातले सगळ्यात झपाट्याने काम करणारे होते, शीळ घालत काम करायचे, आणि त्यांना सगळे 'गाडी' म्हणायचे. नवीन आलेल्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

"लवकर?" ते म्हणाले.

"हो, जरा काम होतं."

तिने फाइल उघडली. खटका पडद्यावर आला, गुळगुळीत, निरागस. खाचेचं स्केच उघडलं. सगळ्या रेघा काळ्या. आकड्यावर माउस नेला — डाव्या भिंतीपासून नऊ. बरोबर. म्हणजे चूकच. बसमध्ये जे आठवलं ते खोटं निघावं अशी तिची कुठेतरी वेडी आशा होती. आता तीही राहिली नाही.

सहा वर्षांपूर्वीचं ते पंपाचं झाकण. भोकांचं स्केच तिचं होतं. मग ती दोन दिवस रजेवर गेली, उरलेलं काम समोरच्या टेबलाने, म्हणजे याच दोनदांनी, पूर्ण केलं, आणि शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून झाकणाची एक बाजू दोन मिलिमीटर आत घेतली. भोकं त्या बाजूपाठोपाठ सरकली. कारण तिने ती बाजूपासून मोजली होती, प्लेनपासून नाही. अगदी हेच. माणूस निदान चुका तरी नव्या करतो, मी तेवढंही करत नाही. पोलाद कापलं गेलं, ठोकळा वाया गेला, साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, फाइलवर नाव समोरच्या टेबलाचं होतं, आणि ते गोंधळून म्हणाले, "माझ्याकडूनच काहीतरी हललं असेल." त्यांना खरंच तसं वाटलं होतं. तिला कळलं त्या दुपारी, फाइल दुरुस्तीला तिच्याकडे आली तेव्हा. स्केच उघडलं, बघितलं, बांधून टाकलं मधल्या प्लेनशी, आणि 'किरकोळ सुधारणा' लिहून पाठवलं. वाद नको म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी कोणीतरी चहा घेताना म्हणालं की हे आधीच बाईंकडे दिलं असतं तर… बाई अचूक. सगळे हसले. तेही हसले. मोठी कामं हळूहळू त्यांच्या टेबलावरून माझ्या टेबलावर आली. शीळ बंद झाली. आणि मी मूग गिळून बसले — एक दिवस, मग एक महिना, मग सांगायची वेळ निघून गेली असं वाटायला लागलं, आणि मग तर सांगितलंच नाही हेच सांगण्यासारखं होऊन बसलं.

पत्राची चौकट उघडी होती. 'खटक्यात किरकोळ' एवढं लिहून झालं होतं. कधी लिहिलं कोण जाणे, बोटांना सवय असते.

तिने फोन उचलला. बाहेर जाऊन बोलावं असं वाटलं, जिन्यात, त्या लुकलुकत्या दिव्याखाली, म्हणजे समोर ऐकू जाणार नाही. उठलीही. मग बसली. का बसली ते तिला सांगता आलं नसतं. कदाचित बाबांनी खटका आडवा ठेवला, तो पुन्हा उभा केला नाही, ते डोळ्यांपुढून जात नव्हतं.

"हां ताई, बोला." मागे कर्कश घरघर.

"मास्तर, तो खटका…"

"काही ऐकू येत नाही. थांबा, मशीन बंद करतो."

घरघर उतरत उतरत थांबली. त्या चार-पाच सेकंदांत तिने मनात ठोकळा पाहिला, मधे उकरलेला, चमकणारा चुरा दोन्ही बाजूंना, आणि कडेवर चुकीच्या जागी कापलेली सुंदर स्वच्छ खाच. मास्तरांचं काम फार स्वच्छ असतं.

"हां, बोला आता."

"खटक्याचं सुरू केलंत का?"

"का हो?"

सुधारणा हा शब्द दातांपर्यंत आलेला होता. अजूनही. नुसतं तोंड उघडलं असतं तर तोच बाहेर पडला असता.

"माझी चूक झाली," ती म्हणाली, आणि मग ते सगळं एका दमात गेलं. "खाच मधे नाहीये. मी ती मधल्या प्लेनशी बांधलीच नाही, डाव्या भिंतीपासून मोजली. काल रुंदी वाढवली तेव्हा सरकली. फाइल चुकीची आहे, मास्तर. साहेबांनी सांगितलं म्हणून नाही, माझ्याकडूनच चुकीची गेली."

समोरच्या टेबलावरचा कीबोर्ड थांबला.

"नऊ आणि दहा," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला कसं…"

"काल फाइल आल्या आल्या मोजली ना. म्हटलं, असेल काही कारण. नसेल तर सकाळी फोन येईल."

"आणि ठोकळा?"

"ठोकळा इथे टेबलावर आहे, त्याच्यावर माझा चहा आहे. घरघर दुसऱ्या कामाची होती."

तिचा जीव भांड्यात पडला. इतक्या जोरात पडला की तिला हसू आलं आणि ते दाबायला तिने ओठावर पर्सचा पट्टा धरला. खांदे खाली आले. सकाळपासून ते कानांपर्यंत चढलेले होते हे खाली आल्यावर समजलं. ठोकळ्यावर चहा. त्या क्षणी जगात तिला त्या चहाच्या पेल्याइतकं कुणी प्रिय नव्हतं.

"माझा फोन आला नसता तर?"

"मी केला असता दहाला. तुमचा आला ते बरं." पेला उचलल्याचा आवाज आला. "नवीन काम मी एक रात्र तसंच ठेवतो आता, मुरायला. पोलाद कापल्यावर मग त्याला समजावता येत नाही. ते पंपाचं झाकण झालं होतं ना, तेव्हापासून. तेव्हाही भोकं कडेला गेलेली दिसली होती मला. विचारलं नाही, कापून मोकळा झालो. माझीही चूकच की ती. बरं, पाठवा नवीन फाइल. घाई नाही." आणि ठेवून दिला.

माझीही चूकच की ती. किती सहज म्हणाले. चहाच्या दोन घोटांमधे. मी सहा वर्षं ज्याच्याभोवती कुंपण घालून बसले ते त्यांनी असं रस्त्यावर उभं राहून पत्ता सांगावा तसं सांगून टाकलं, आणि काही झालं नाही, त्यांची मशीन पुन्हा सुरूही झाली असेल.

साहेबांनाही सांगायला हवं होतं. ठोकळा वाचला होता, सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण आता तिला जणू चटक लागली. साहेब केबिनमध्ये गुडघ्यांवर होते. त्यांच्या खुर्चीची उंची एका जागी राहत नाही, दर दोन दिवसांनी ते खाली वाकून ती दुरुस्त करतात. दवाखान्यांच्या पलंगांना कठडे पुरवणाऱ्या माणसाची ही खुर्ची.

"काल खटक्याची फाइल चुकीची गेली. माझ्याकडून."

"तुमच्याकडून, मॅडम?" खुर्चीखालून आवाज आला.

"माझ्याकडून. खाच मधे नव्हती."

"कापलं?"

"नाही. मास्तर थांबले होते."

"मग?"

"मग काही नाही. सांगायला आले."

"बरं. जरा ही दांडी धरता? अशी, वर. हां."

तिने दांडी धरली. साहेबांनी स्क्रू पिळला. खुर्ची उभी राहिली, साहेब तिच्यावर बसले, आणि दोघंही श्वास धरून बघत राहिले, खुर्ची चार बोटं खाली गेली, फुस्स करत. "बघितलं?" साहेब म्हणाले, आणि पुन्हा गुडघ्यांवर गेले. अचूकबाईंचा अंत झाला होता आणि त्याला एवढेच लोक हजर होते.

जागेवर येऊन तिने आधी डबा उघडला. साडेनऊच वाजले होते, पण भूक लागली होती, अशी की लहानपणी परीक्षा संपल्यावर लागायची. दोन घास खाल्ले, हात पुसले, आणि खाचेचं स्केच पुसून टाकलं. दुरुस्त केलं नाही, पुसलंच. पडद्यावर बिनखाचेचा, निखळ खटका राहिला आणि त्यातून आरपार गेलेले तीन फिकट चौकोन, जे तिने गेल्या कित्येक महिन्यांत दिसू नयेत म्हणून लपवूनच टाकले होते, कामात लुडबुड करतात म्हणून. आता उघडे केले. मधल्या प्लेनवर एक तुटक रेघ काढली. लांब तुकडा, ठिपका, लांब तुकडा, बाबा काढायचे तशी.

आधी मध्यरेषा. लहानपणी बाबांच्या फळ्यासमोर स्टुलावर बसून ती बघायची, आणि तिला कळायचं नाही की जी रेघ वस्तूत कुठेच नाही ती सगळ्यांत आधी कशाला काढायची. "ही कुणाची आहे?" तिने एकदा विचारलं होतं. "कुणाची नाही," बाबा म्हणाले होते, "म्हणून तर तिच्यापासून मोजायचं." भिंतीवर आरसा टांगताना, कपाट हलवताना, कुठेही — आधी मध्यरेषा काढलीस का? घरात त्याचा विनोद झाला होता. मग तिने काय केलं आयुष्यभर? जी भिंत हाताशी असेल ती धरली. लोक अचूक म्हणाले, त्यापासून नऊ. साहेब मॅडम म्हणाले, त्यापासून नऊ. एखाद्याने शीळ घालणं थांबवलं, तर त्याच्या त्या गप्प बसण्यापासूनसुद्धा मोजून घेतलं, की बघा, मी किती सरळ उभी आहे. आणि सगळ्या रेघा काळ्या. कुठेही निळं नाही. कोण म्हणणार होतं की ही बाई सरकलेली आहे?

पण आज हे सगळं मनात येत असताना टोचत नव्हतं, ह्याचं तिला नवल वाटलं. एखादं कपाट उघडून बसावं, आत पसारा असावा, आणि तरी दार उघडलं गेल्याचं बरं वाटावं. तिने खाचेच्या दोन्ही कडा तुटक रेघेच्या दोन्ही बाजूंना सारख्या बांधल्या. रेघा काळ्या झाल्या. या वेळी तिने एकेकीला विचारलं, तू कशाला बांधलेली आहेस? प्रत्येकीने मधलं प्लेन दाखवलं. मग तिने रुंदी पंचवीसची सव्वीस केली. खाच मधेच. तीस केली. मधेच. ऐंशी केली, खटका विटेएवढा झाला, कान हत्तीसारखे, आणि खाच मधे, ढिम्म. एकटीच हसली. परत पंचवीस.

फाइल पाठवायच्या बटणावर बाण नेला आणि थांबली. गेल्या सहा वर्षांत तिची फाइल कोणी तपासलेली नाही. कुणाची हिंमत नव्हती, आणि तिनेही कधी कुणाला दिली नव्हती. अचूकबाईंनी तपासायला देणं म्हणजे काय.

"अहो," ती म्हणाली, "जरा माझं हे बघता का?"

समोरच्या टेबलाने मान वर केली. फोन ऐकला होता त्यांनी, सगळा. ते उठून आले, चष्मा पुसला, तिच्या खुर्चीमागे न उभं राहता बाजूचं स्टूल ओढून बसले, आणि बोट पडद्यापासून एक इंचावर धरून एकेक रेघ बघू लागले. प्लेन. मध्यरेषा. डावी कड. उजवी कड. आकडा. तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते.

"ठीक आहे," म्हणाले. आणि बोट पुन्हा पहिल्या प्लेनवर नेलं.

एरवी ते दुसऱ्यांदा सुरू करत तेव्हा ती दुसरीकडे बघायची. खिडकीकडे, फोनकडे, कुठेही. सहा वर्षं. आज बघत राहिली. बोटाचं नख अगदी बारीक कापलेलं होतं.

"ते पंपाचं झाकण," ती म्हणाली. "आठवतं?"

बोट जागच्या जागी थांबलं. "आठवतं की."

मास्तर आज म्हणत होते की चूक त्यांचीही होती… हे वाक्य पुढे तयारच होतं, चांगलं होतं, खोटं नव्हतं, तिथून सुरुवात करता आली असती. पण ती पुन्हा हाताशी असलेली भिंत झाली. तिने ते तसंच सोडून दिलं.

"एक मिनिट हं बाई," ते म्हणाले, "हे दुसऱ्यांदाचं होऊ दे."

"होऊ द्या. मी थांबते."

आणि ती थांबली.  थोडी भूक होती अजून. डबा उघडाच होता. बाबांना संध्याकाळी सांगायचं होतं की दहा कशाला म्हणून विचारलंत ते बरोबर होतं. पण ते संध्याकाळी. आधी हे. ते स्केच माझं होतं, तुमचं नव्हतं. सहा शब्द. एवढंच होतं ते. तिने ते मनात एकदा म्हणून बघितलं, आणि त्यांचं बोट अजून खाचेपाशीच होतं म्हणून, आणखी एकदा.